गुरुजींची पाटी : न वाचता येणारी पुडी



गेल्या महिन्यात आमच्या शिंदखेड्याच्या शाळेत आम्ही एक गंमतीचा उपक्रम केला. चौथीच्या मुलांना मी सांगितलं, "उद्या येताना घरातली रिकामी वेष्टनं घेऊन या. बिस्किटाचा कागद, चहाची पिशवी, मसाल्याचं खोकं, जे असेल ते." दुसऱ्या दिवशी वर्गात कागदांचा हा ढीग! मग आम्ही एकेक वेष्टन वाचायला बसलो. आत काय काय आहे, वजन किती, कुठे तयार झालं, कधीपर्यंत वापरायचं. मुलं डोळे फाडून बघत होती. रोज हातात येणारा कागद, पण वाचला कधी कुणी?

तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली छोटीशी पुडी होती. ती म्हणाली, "गुरुजी, ही माझ्या आजीची साखरेची पुडी आहे. म्हणजे साखरेच्या आजाराची. हिच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही. मग ही कशी वाचायची?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मला पडायला हवा होता. पडला नाही. त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मधुमेह आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. पण रोज गोळी गिळायचा त्यांना कंटाळा. एकदा बाजाराच्या दिवशी राहुटी टाकून बसलेल्या एका माणसाने त्यांना भुरकट रंगाची पूड दिली. "चाळीस दिवस घ्या, साखर मुळापासून जाईल," असं सांगितलं. आप्पांनी घेतली. पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर साखर खरंच कमी आलेली! मग काय, आप्पा खूश. गोळ्या बंद, पुडी चालू. आणि पुढची पुडी संपली की बाजारातून आणून कोण द्यायचं? मीच. शिकलेला, डी. एड. झालेला, मुलांना विज्ञान शिकवणारा मी! एकदा विचारलंसुद्धा, "आप्पा, यात असतं तरी काय?" ते हसून म्हणाले, "जडीबुटी शे ती. काही व्हत नही." आणि मी गप्प बसलो.

चार-पाच महिन्यांनी आप्पांच्या पोटात कळा यायला लागल्या. शौचाला होईना. चेहरा पांढराफटक पडला. शेताच्या बांधापर्यंत चालले तरी धाप लागायची. आम्ही आधी गॅसचं औषध दिलं, मग जंताचं दिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी धुळ्याला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं, रक्त तपासलं आणि मग खुर्ची पुढे ओढून शांतपणे विचारलं, "आजोबा, आमच्या गोळ्यांशिवाय आणखी काय काय घेता?"

आप्पा म्हणाले, "काहीच नाही." मग जरा थांबून, "ती पुडी तेवढी."

डॉक्टरांनी पुडी मागवली. आप्पांच्या रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. आप्पांच्या रक्तात शिसं होतं. तेही थोडंथोडकं नव्हे.

शिसं पोटात जाऊन करतं काय?

शिसं म्हणजे तोच जड, मऊ, करडा धातू. गाडीच्या बॅटरीत असतो, मासे धरायच्या गळाला वजन म्हणून लावतात. (तुमच्या पेन्सिलीत मात्र तो नसतो बरं का! तिथे ग्रॅफाइट असतं.) आपल्या शरीराला लोखंड लागतं, जस्त लागतं, तांबंही चिमूटभर लागतं. शिशाचं मात्र शरीरात काहीही काम नाही. बिनबोलावलेला पाहुणाच तो!

आणि हा पाहुणा मोठा लबाड. तो कॅल्शियमचं सोंग घेतो. हाडांना वाटतं, आपला कॅल्शियमच आला, म्हणून ती त्याला आत घेतात. रक्तातलं शिसं महिन्याभरात बरंचसं कमी होतं, पण हाडांत शिरलेलं शिसं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहतं. रक्ताचा लाल रंग ज्या हिमोग्लोबिनमुळे येतो, ते तयार होण्याच्या कामातही शिसं खोडा घालतं. म्हणून आप्पा पांढरे पडले होते. पोटातल्या कळा, बद्धकोष्ठ, थकवा, ही सगळी त्याचीच लक्षणं.

लहान मुलांना तर याचा धोका आणखी जास्त. त्यांचा मेंदू वाढत असतो आणि शिसं त्या वाढीलाच धक्का देतं. शिशाची 'एवढी चालेल' अशी सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने २०२० साली एक अहवाल काढला. त्यात अंदाज होता की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं आहे. म्हणजे सुमारे ८० कोटी मुलं!

डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, शिसं होतं तर आप्पांना चव लागली नाही का?"

इथेच तर खरी मेख आहे. दोन पेले पाणी घ्या. एकात चिमूटभर मीठ विरघळवा. आता मित्राला विचारा, मीठ कशात आहे? बघून सांगता येणार नाही. चाखून मात्र लगेच सांगेल. शिशाचं तसं नाही. शिशाचा एक क्षार तर चक्क गोड लागतो! त्याला पूर्वी 'शिशाची साखर' असंच नाव होतं. प्राचीन रोममधले लोक द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यात आटवून त्याचा गोड पाक करायचे. जिभेला गोड आणि अंगाला विष. म्हणजे ज्या जिभेवर आपण एवढा विश्वास टाकतो, ती इथे आपल्याला फसवते.

म्हणून अशा गोष्टी मापाव्याच लागतात. दुसरा उपाय नाही.

आणि आमचे आप्पा काही जगातले पहिले नव्हते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशीच हकिकत छापली होती. मधुमेहासाठी भारतीय जडीबुटीचं औषध घेतलं आणि त्यातून शिशाची विषबाधा झाली. पुढे अमेरिकेत रॉबर्ट सॅपर नावाच्या डॉक्टरांनी बॉस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० औषधं विकत आणली आणि क्ष-किरणांच्या यंत्राखाली तपासली. ७० पैकी १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हे २००४ साली छापून आलं. २००८ साली त्यांनी आणखी १९३ औषधं तपासली. पुन्हा तेच, साधारण पाचातल्या एकात धातू.

याचा अर्थ आयुर्वेद वाईट, असा काढू नका हं. पाचातल्या चार औषधांत धातू सापडले नव्हते, हेही ध्यानात ठेवा. आयुर्वेदात काही औषधं धातूंची भस्मं करून बनवतात. ती बनवायची आणि द्यायची विद्या वेगळी शिकावी लागते. तरीही अशी औषधं शिकलेल्या वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची आणि आपल्या डॉक्टरांना सांगून घ्यायची. राहुटीतला माणूस म्हणजे वैद्य नव्हे.

आता एक कोडं उरलं. पुडीने आप्पांची साखर कमी कशी झाली? आमच्या पुडीची तेवढी सखोल तपासणी झाली नाही, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही. पण 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या काही औषधांत दवाखान्यातल्याच गोळ्यांची पूड गुपचूप मिसळलेली सापडली आहे. म्हणजे गोळी तीच, फक्त नाव नाही, माप नाही आणि वर शिशाची भेट!

उलटं चक्र

आप्पा बरे होत होते तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आणि वाचता वाचता एक चकित करणारी गोष्ट कळली. मधुमेहाच्या औषधातून विषारी धातू पोटात जातो, हे तर आम्ही भोगलं होतं. पण त्यातले काही पदार्थ मधुमेहालाच हातभार लावतात, असंही शास्त्रज्ञांना दिसून आलं आहे!

आधी मधुमेह म्हणजे काय ते बघू. आपण भाकरी खातो, तिची पोटात साखर होते आणि ती रक्तात येते. रक्तातून ती पेशींच्या घरात शिरायला हवी. त्या घराच्या दाराची किल्ली म्हणजे इन्शुलिन. ही किल्ली पोटातल्या स्वादुपिंडात बीटा नावाच्या पेशी बनवतात. किल्ल्या कमी पडल्या किंवा कुलूपच गंजलं, की साखर रक्तातच साठून राहते. तोच मधुमेह.

आता आर्सेनिकची गोष्ट. याला आपल्याकडे सोमल म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला पक्का धातू मानत नाहीत, धातुसदृश म्हणतात. पण विषारी धातूंच्या पंक्तीत तो नेहमी पहिल्या पाटावर बसलेला! तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या काही गावांत लोक वर्षानुवर्षं खोल विहिरींचं पाणी प्यायचे. त्यात जमिनीतलं आर्सेनिक उतरलेलं होतं. १९९४ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की त्या गावांत मधुमेहाचं प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा जवळपास दुप्पट आहे. बांगलादेशात तर आणखी दैवाचा खेळ. तळ्यातलं घाण पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत, म्हणून गावोगावी हातपंप बसवले. हेतू किती चांगला! पण त्यातल्या कितीतरी पंपांच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. तिथेही १९९८ साली संशोधकांना आर्सेनिक आणि मधुमेह यांची जोडी दिसली.

किती आर्सेनिक म्हणजे जास्त? लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, असा दंडक आहे. हे माप डोळ्यांपुढे येत नाही ना? मग आपला टँकर आठवा. उन्हाळ्यात गल्लीत येतो तो, दहा हजार लिटरचा. असे दहा टँकर ओळीने उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून फक्त एक ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याहूनही कमी. झाली मर्यादा पूर्ण! सांगा, हे जिभेला कसं कळणार?

पण खरा शास्त्रज्ञ एवढ्यावर थांबत नाही. अ‍ॅना नव्हास-एशियन नावाच्या एक डॉक्टर संशोधक आहेत. त्यांना प्रश्न पडला, ज्यांच्या पाण्यात आर्सेनिक थोडंच आहे त्यांचं काय? त्यांनी अमेरिकेतल्या ७८८ माणसांच्या लघवीच्या तपासण्यांचा अभ्यास केला. पण इथे एक अडचण होती. समुद्रातले मासे खाल्ले की लघवीत एक निरुपद्रवी प्रकारचं आर्सेनिक येतं. ते घातक आर्सेनिकात मिसळून मोजलं तर हिशोबच चुकणार. म्हणून त्यांनी माशांचं आर्सेनिक वेगळं काढलं आणि उरलेल्याचा हिशोब मांडला. तेव्हा मधुमेह असलेल्यांत आर्सेनिकचं प्रमाण जास्त दिसलं. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

मुलांनो, यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं लगेच म्हणायचं नसतं. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, म्हणून कोंबडा सूर्याला उठवतो का? म्हणून मग प्रयोगशाळेत बीटा पेशींवर आर्सेनिकचा परिणाम तपासला गेला. तिथे दिसलं की आर्सेनिकमुळे त्या पेशी इन्शुलिन नीट सोडू शकत नाहीत. असे पुरावे एकावर एक रचत गेले की संशय हळूहळू पक्का होतो.

हे सगळं फार लांबचं, असंही समजू नका. आपल्या गडचिरोलीच्या सीमेला लागून, आताच्या छत्तीसगडात, कौडीकसा नावाचं गाव आहे. तिथल्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले डॉ. दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जगापुढे मांडलं. तिथे कुणी विष टाकलं नव्हतं. जमिनीखालच्या खडकातूनच ते पाण्यात येत होतं. आपल्या गावच्या पाण्यात आर्सेनिक आहे, असं मी म्हणत नाही हं! उगाच घाबरू नका. सांगायचं एवढंच की पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे शुद्ध असतं, असं नाही. तपासलेलं पाणीच खरं.

पुण्याचे डॉक्टर आणि बाळांचं वजन

मग मधुमेह काय फक्त धातूंमुळे होतो? नाही, नाही! धातू हे अनेक कारणांतलं एक. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं २०२३ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. एवढ्या सगळ्यांचं कारण एक कसं असेल? आणि 'गोड खाल्लं म्हणून झाला' हे तर फारच अपुरं उत्तर.

आपल्या महाराष्ट्रात याचा शोध घेणारे एक डॉक्टर आहेत, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांना कोडं पडलं होतं, आपल्याकडे बारीक अंगाच्या माणसांनाही मधुमेह का होतो? उत्तर शोधायला त्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्यांची माणसं वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन हजर! बाळाची उंची, डोकं, पोट, अगदी कातडीखालच्या चरबीची जाडीसुद्धा मोजायची. दिसलं असं की इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टन शहरातलं ३.५ किलोचं. पण आपल्या बाळात मांस कमी आणि त्या मानाने चरबी जास्त! बाहेरून बारीक, आतून स्निग्ध. पुढे त्यांना असंही आढळलं की दर तीन आयांपैकी सुमारे दोघींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आहे आणि त्याचा संबंध मुलांच्या पुढच्या आरोग्याशी आहे.

डॉ. याज्ञिकांचा हा अभ्यास धातूंवरचा नाही, आईच्या पोषणावरचा आहे. पण बघा, वाटा कुठे येऊन मिळतात! शरीरात आलेलं आर्सेनिक बाहेर टाकण्यासाठी शरीर त्याचं रूप बदलतं. त्या कामात फोलेट आणि ब-१२ ही जीवनसत्त्वं मदत करतात. बांगलादेशात ज्यांना फोलेट कमी होतं, त्यांना ते दिल्यावर रक्तातलं आर्सेनिक कमी झाल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे. फोलेट हिरव्या पालेभाज्यांत आणि डाळींत असतं. ब-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत. म्हणजे पानातली मेथीची भाजी आणि वाटीभर दही ही आपली ढालच की! पालेभाजी बघून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवा.

आता आपण काय करायचं?

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात दिलं ते असं: "बाळ, जी पुडी वाचता येत नाही, ती पोटात घालायची नाही."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून चार प्रश्न फळ्यावर लिहिले. तुम्हीही ते वहीत उतरवून घ्या.

१. या औषधाचं नाव काय आणि यात काय काय आहे, हे छापलेलं आहे का?

२. ते कुणी बनवलं, कधी बनवलं, परवाना क्रमांक आहे का?

३. देणारा माणूस शिकलेला डॉक्टर किंवा वैद्य आहे का? उद्या त्रास झाला तर तो सापडेल का?

४. हे औषध आपण घेतो, हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना माहीत आहे का?

एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर ती पुडी डॉक्टरांना दाखवायची. आजी-आजोबांवर ओरडायचं नाही हं! त्यांना आजार नको झालेला असतो, म्हणून ते आशेने पुडी घेतात. त्यांच्या शेजारी बसून विचारायचं, "आजी, मला वाचून दाखवू का यावर काय लिहिलंय?" एवढं पुरतं.

पालकांसाठी दोन शब्द. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नका. कुणाला पुडी चालू असताना पोटात कळा, बद्धकोष्ठ, फिकेपणा दिसला तर डॉक्टरांना पुडीबद्दल आपणहून सांगा. ते विचारतील तेव्हा सांगू, असं म्हणू नका. आमचे चार-पाच महिने त्यातच गेले. दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं, चूर्णं, काढे एका पिशवीत घालून न्या. आणि जुन्या बॅटऱ्या मुलांना खेळायला किंवा फोडायला देऊ नका.

त्या मुलीची आजी पुढच्या आठवड्यात स्वतः शाळेत आली होती. नातीचा हात धरून, पुडी रुमालात बांधून. माझ्यावर जरा रागावलीच होती, "पोरीले काय शिकाडी दिधं गुरुजी?" पण जाताना तिने डॉक्टरांचा पत्ता मात्र विचारून घेतला.

आणि आमचे आप्पा? धुळ्याच्या डॉक्टरांनी शरीरातलं शिसं बाहेर काढणारं औषध दिलं. कळा थांबल्या, हळूहळू रंग आला. हाडांतलं शिसं मात्र अजून थोडं असणारच, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. मधुमेहाच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. रोज सकाळी आप्पा चष्मा लावतात, गोळीच्या पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचतात आणि मगच गोळी घेतात. मी समोर असलो की जरा जास्तच मोठ्याने वाचतात! मी काही बोलत नाही. बाजारातून ती पुडी आणणारा मीच होतो ना!

बरं तर, या आठवड्याचं काम: घरातल्या औषधाच्या डब्यात डोकवा. मोठ्यांना सोबत घेऊन, बरं का! न वाचता येणारी किती पाकिटं सापडली, ते मला पत्राने कळवा.

तुमचा,
गुरुजी